अंगणांतील वीज

(नभोवाणीवरील भाषण)

विजेवरील व्याख्यान म्हटलें कीं धरणें, विद्युत्केंद्रें आणि आकाशाला भिडलेले मनोरे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. माझा आजचा विषय त्या मानानें अगदींच लहान आहे. घराचा उंबरठा ओलांडून बागेंत, गच्चीवर, तुळशीवृंदावनापाशीं किंवा सोसायटीच्या आवारांत आपण जो दिवा लावतों, आणि पाण्याच्या पंपासाठीं अथवा गवत कापण्याच्या यंत्रासाठीं कुंपणाच्या भिंतीवर जें सॉकेट बसवितों, त्यांच्यापर्यंत वीज कोणत्या वाटेनें जाते व ती वाट निर्धोक आहे काय, एवढाच प्रश्न मला आज मांडावयाचा आहे. विषय लहान असला तरी त्यांत जीव गुंतलेला आहे. आणि तो बहुधा दिवा बसविणाराचा नसून माळ्याचा, मोलकरणीचा किंवा चेंडूमागें धांवणाऱ्या मुलाचा असतो.

हा प्रश्न कळव्याच्या निमित्तानें विचारण्यांत औचित्य आहे. ठाण्याच्या खाडीपलीकडील हें गांव विजेच्या व्यवहारांत महाराष्ट्राचें एक मर्मस्थान होऊन बसलें आहे. येथें ४०० किलोव्होल्टचें, म्हणजे चार लक्ष व्होल्टचें उपकेंद्र आहे. सबंध राज्याच्या विजेचा तोल सांभाळणारें राज्य भार प्रेषण केंद्र येथून जवळच ऐरोलीस आहे. विजेचीं यंत्रें बनविणारा सीमेन्सचा कारखानाहि येथेंच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं कळवा आणि पडघा यांना जोडणाऱ्या मोठ्या वाहिन्या निकामी झाल्या, तेव्हां मुंबईच्या लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, उद्वाहनांत माणसें अडकलीं, आणि कळव्याचें नांव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकलें.

त्या दिवशीं लोकांची मोठी गैरसोय झाली. पण अशा प्रसंगीं एक गोष्ट आपल्या लक्षांत येत नाहीं. मोठ्या वाहिनीवर दोष उत्पन्न होतांच तिच्यावर नेमलेले रक्षक, ज्यांना अभियंते रिले म्हणतात, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास तो दोष ओळखतात आणि वाहिनी तोडून टाकतात. काळोख पत्करूं, पण दोष पुढें जाऊं देणार नाहीं, असा त्यांचा बाणा असतो. चार लक्ष व्होल्टच्या वाटेवर असा पावलोपावलीं पहारा आहे. आणि आपल्या जास्वंदीच्या बुंध्याशीं गेलेल्या २३० व्होल्टच्या तारेवर पहारा कोणाचा? पुष्कळ घरीं या प्रश्नाचें उत्तर 'कोणाचाच नाहीं' असें द्यावें लागेल.

कोणी म्हणेल, हें पाहणें वीज कंपनीचें काम आहे. तसें नाहीं. १ मार्च २०२० पासून शीळ, मुंब्रा व कळवा या भागांतील वीजवितरणाचें काम महावितरणनें टोरेंट पॉवर या कंपनीकडे सोंपविलें आहे; ठाणें शहरांत तें महावितरणकडेच आहे. परंतु वितरक कोणीहि असो, त्याची तार मीटरपाशीं संपते. मीटरच्या पलीकडील प्रत्येक तार, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक खटका हा घरमालकाचा किंवा सोसायटीचा, आणि त्यापासून होणाऱ्या अपघाताची जबाबदारीहि त्यांचीच.

आतां घरांतल्या विजेंत आणि अंगणांतल्या विजेंत असा कोणता फरक आहे, तें पाहूं. वीज तीच, दाब तोच. फरक आहे तो माणसाच्या पायांखालच्या जमिनीचा. दिवाणखान्यांत आपण कोरड्या लादीवर उभे असतों, पायांत पुष्कळदां सपाता असतात, आणि हात कोरडे असतात. कोरडी त्वचा विजेला मोठा अडथळा करते. हीच त्वचा ओली झाली कीं शरीराचा एकूण विरोध हजार ओहमच्या घरांत येतो. २३० व्होल्टला हजारानें भागा; सुमारें पाव अँपिअरचा प्रवाह एका हातांतून शिरून छातींतून पायांकडे जाऊं शकतो. आणि माणसाचा प्राण घेण्यास एवढा प्रवाहहि लागत नाहीं. दहा ते सोळा मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास प्रवाह हातांतून गेला, कीं स्नायु आखडतात व धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं. 'विजेनें चिकटवून ठेवलें' असें लोक म्हणतात तें हेंच. तीस मिलिअँपिअरच्या पुढें हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. सात वॉटच्या दिव्यास लागतो सुमारें तेवढाच हा प्रवाह. रात्रीं निजण्याच्या खोलींत जो मिणमिणता दिवा आपण ठेवतों, त्याला पुरणारी वीज माणसाचें हृदय थांबविण्यास पुरे होते.

येथें एक समज दूर केला पाहिजे. 'आमच्याकडे एम. सी. बी. आहे, कांहीं झालें तर ती पडेल,' असें गृहस्थ निश्चिंतपणें सांगतात. एम. सी. बी. ही तारेचें रक्षण करण्यासाठीं आहे. तार तापून आग लागूं नये म्हणून ती सोळा अँपिअरची मर्यादा ओलांडली गेली तरच पडते, आणि मर्यादा थोडीच ओलांडली असेल तर पडण्यास वेळहि घेते. माणसास धोका सुरू होतो तो तीस मिलिअँपिअरपाशीं, म्हणजे त्या मर्यादेच्या सुमारें पांचशेंव्या हिश्शापाशीं. एम. सी. बी.च्या दृष्टीनें विजेला चिकटलेला माणूस आणि भिंतीवरचा लहान दिवा यांत कांहींच अंतर नाहीं.

आतां बागेंतील तारा प्रत्यक्षांत कशा घातल्या जातात, तें पाहूं. खारेगांव, पारसिकनगर, मनीषानगर, विटावा, कोठेंहि तळमजल्याच्या घराचें अंगण किंवा सोसायटीची बाग पाहावी. बरेंचसें चित्र एकसारखें दिसेल. इमारत बांधतांना बागेसाठीं वेगळी तार टाकलेली नसते. पुढें कोणाला हौस येते. मग जवळच्या सज्जांतील किंवा जिन्याखालच्या सॉकेटांतून एक दोनपदरी लवचीक तार काढली जाते. ती खिडकीच्या फटींतून बाहेर येते, कुंपणाच्या खिळ्यांवरून लोंबते, आणि शेवटीं वीतभर मातीखालीं पुरली जाते. तार अपुरी पडली कीं दुसरी जोडून वर काळी चिकटपट्टी गुंडाळतात. दिव्याचा खांब लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्याला भूसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची तिसरी तार नसते, कारण मुळांत तारच दोनपदरी आणली. घरांतलेंच सॉकेट प्लॅस्टिकच्या डब्यांत बसवून भिंतीवर ठोकतात व वर पत्र्याचा एक तुकडा आडवा लावतात. दिवा लागतो, घरांतील मंडळी कौतुक करतात, आणि काम उत्तम झालें असें सर्वांस वाटतें.

दिवा लागला म्हणजे काम चांगलें झालें, ही समजूतच सर्व अनर्थाचें मूळ आहे. दिवा लागण्यास दोन तारा पुरतात. माणूस जगण्यास तिसरी तार आणि एक रक्षक लागतो, आणि त्यांच्या अभावीं दिव्याच्या उजेडांत तिळमात्र फरक पडत नाहीं. उणीव डोळ्यांस दिसतच नाहीं.

मग जून महिना येतो. ठाण्याच्या बाजूस वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. चिकटपट्टी सैल होते, सांध्यांत पाणी शिरतें. उन्हाळ्यांतील उन्हानें तारेचें वेष्टण आधींच तडकलेलें असतें. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यानें पितळ-तांब्याचीं टोंकें हिरवीं पडलेलीं असतात. उंदरांनीं कोठें कुरतडलेलें असतें, तर कोठें माळ्याच्या कुदळीचा घाव बसलेला असतो. वीज गळूं लागते आणि खांबाच्या धातूंत येऊन उभी राहते. दिवा पूर्वीसारखाच जळत असतो. अनवाणी माळी ओल्या मातींत उभा राहून त्या खांबाला हात टेकतो.

हें केवळ कल्पनेचें चित्र नव्हे. २५ जून २०२३ रोजीं नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकाबाहेर पावसाचें पाणी सांचलें असतां एका प्रवासी स्त्रीनें तोल सांवरण्यासाठीं विजेच्या खांबाला हात लावला आणि ती तेथेंच मृत्युमुखीं पडली. राजधानीच्या सार्वजनिक जागीं हें घडलें म्हणून देशास कळलें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत विजेच्या धक्क्यानें भारतांत बारा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांच्या गांवाबाहेर कोणी ऐकलीं नाहींत.

यावर सामान्यतः सुचविला जाणारा उपाय म्हणजे बागेंतच एक लोखंडी कांब ठोकून तिला खांब जोडून देणें. हा उपाय अर्धवट आहे, आणि तो कसा अर्धवट आहे हें समजून घेण्यासारखें आहे. अशा कांबेचा मातीशीं विरोध चाळीस ओहम धरूं. खांबांत वीज उतरली तर २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह मातींत जाईल. सोळा अँपिअरची एम. सी. बी. जागची हलणार नाहीं. खांबावर जवळजवळ पूर्ण दाब तसाच राहील, आणि दिवसाला तीसएक युनिटें वीज निष्कारण जमिनींत मुरेल. म्हणजे धोकाहि कायम आणि बिलहि मोठें! भूसंपर्क हवाच, पण अंगणांत एकट्या भूसंपर्कानें काम भागत नाहीं.

म्हणून तो दुसरा रक्षक लागतो. त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात, त्याच्या जुन्या भावंडाचें ई. एल. सी. बी. हें नांव आजहि तारतंत्री लोकांच्या तोंडीं आहे. त्याची युक्ति सोपी आणि सुंदर आहे. एका तारेनें जितका प्रवाह घराबाहेर गेला, तितकाच दुसऱ्या तारेनें परत आला पाहिजे, असा तो जमाखर्च ठेवतो. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली कीं ती वीज कोठेंतरी भलतीकडे, कदाचित् कोणाच्या शरीरांतून, चालली आहे असें समजून तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंत दोन्ही तारा तोडतो. तूट मोठी असली तर याहूनहि पुष्कळ लवकर. किती प्रवाह माणसास सोसतो याचा कसून अभ्यास अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं केला, आणि १९६१ च्या सुमारास त्यांनींच अशा प्रकारचें अतिसूक्ष्म गळती ओळखणारें यंत्र पुढें आणलें. त्या देशाच्या विद्युत्-संहितेनें १९६८ सालीं तें पोहण्याच्या तलावांतील दिव्यांसाठीं, आणि १९७३ सालीं घराबाहेरील सॉकेटांसाठीं आवश्यक ठरविलें. म्हणजे त्या देशानें हें रक्षण सर्वांआधीं जेथें मागितलें, त्या जागा पाणी आणि अंगण याच होत्या. आपल्याकडेहि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनीं, प्रथम २०१० च्या व आतां २०२३ च्या, अगदीं लहान भार सोडल्यास गळतीवर वीज तोडणारें साधन बसविण्याचें बंधन घातलें आहे.

पण साधन बसविलें म्हणजे तें टिकतेंच असें नाहीं. पहिल्या पावसांत बागेची तार गळूं लागते आणि आर. सी. सी. बी. पडते. ती पडली कीं सगळ्या घरांत काळोख होतो. कारागिराला बोलावणें जातें. तो दोन-चार वेळां खटका वर करतो, मग म्हणतो, 'साहेब, ही फार नाजूक आहे, हिचाच त्रास आहे', आणि तिला वगळून तारा थेट जोडून देतो. घर उजळतें, सर्वांचें समाधान होतें. चोर आल्यावर कुत्रें भुंकलें म्हणून कुत्र्याला हांकलून द्यावें, तसा हा प्रकार झाला. जेव्हां जेव्हां हा खटका वारंवार पडतो, तेव्हां तेव्हां कोठेंतरी गळती आहे असें धरून चाला, आणि ती सांपडेपर्यंत बागेची वीज बंद ठेवा. आणखी एक खोड आहे. कांहीं ठिकाणीं परतीची तार न आणतां भूसंपर्काच्या तारेवरूनच दिवा लावून मोकळें होतात. हें सरळसरळ घातक आहे. ती भूसंपर्काची तार कोठें तुटली तर तिला जोडलेल्या प्रत्येक धातूंत वीज उभी राहते.

मग योग्य पद्धत कोणती? तिच्यांत गूढ असें कांहीं नाहीं. बागेसाठीं मुख्य फळीपासून स्वतंत्र वाहिनी घ्यावी. तिला स्वतःची तीस मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. द्यावी, म्हणजे बागेंतील गळतीनें घरांत काळोख होणार नाहीं आणि तो खटका काढून टाकण्याचा मोहहि होणार नाहीं. जमिनीखालून जावयाची तार तीनपदरी आणि पोलादी कवचाची असावी. भारतीय मानकाप्रमाणें अशी कमी दाबाची तार पाऊण मीटर खोल असावी. खालीं-वर वाळू आणि तिच्यावर विटांचा थर घातला कीं कुदळीला आधीं वीट लागते. मातीखालीं सांधा नको. सांधा हवाच असेल तर तो जमिनीच्या वर, पाणबंद पेटींत घ्यावा. सॉकेट झांकणाचें, पाणी सांचतें त्या पातळीच्या पुष्कळ वर. सखल भागांतील रहिवाशांनीं २६ जुलै २००५ च्या पुराचें पाणी आपल्या भिंतीवर कोठवर चढलें होतें तें आठवून उंची ठरवावी.

दिवे घेतांना त्यांवर आय. पी. या अक्षरांपुढें छापलेले दोन आंकडे पाहावेत. पहिला आंकडा धुळीपासूनच्या रक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. उघड्यावरील दिव्यास ६५ असावा. जमिनींत बसविलेल्या, पाणी सांचणाऱ्या जागच्या दिव्यास ६७. आंकडाच नसलेला दिवा घराच्या आंत शोभतो.

याहूनहि सोपी वाट म्हणजे मोठा दाब बागेंत नेऊंच नये. घराच्या आंत कोरड्या जागीं सुरक्षित ट्रान्सफॉर्मर ठेवून बागेंत केवळ बारा व्होल्टची तार न्यावी. ती कुदळीनें तुटली तरी दिवा जाईल, माळी जाणार नाहीं. कारंजें आणि पाण्याचा हौद यांच्याजवळ तर याखेरीज दुसरा विचार करूं नये. नुसता पायवाटेपुरता उजेड हवा असेल तर सूर्यप्रकाशावर चालणारे लहान दिवे पुरतात. त्यांना तारच लागत नाहीं.

काम कोणाकडून करून घ्यावें, हा पुढील प्रश्न. राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून आणि कंत्राटदाराकडूनच. परवाना मागून पाहण्यांत संकोच नको. आपण डॉक्टरची पदवी पाहतोंच कीं! काम झाल्यावर मेगरनें तारेची परीक्षा करवून तिचा आंकडा लिहून घ्यावा. तो एक मेगओहमच्या खालीं असतां कामा नये. दरवर्षीं मे महिन्यांत ही परीक्षा पुन्हा व्हावी. आर. सी. सी. बी.वर 'टी' असें अक्षर असलेली कळ असते. ती महिन्यांतून एकदां दाबावी. खटका पडला तर यंत्र जागें आहे. मात्र ही कळ भूसंपर्क चांगला आहे कीं नाहीं तें सांगत नाहीं. तो वेगळा मोजावा लागतो.

सोसायटीच्या वार्षिक सभेंत रंगाचा, पाण्याच्या टांकीचा, वाहनांच्या जागेचा प्रश्न तासतास चालतो. त्यांत पांच मिनिटें या विषयासाठीं मागून घ्या. बागेच्या दिव्यांची वाहिनी कोठून निघते? तिच्यावर आर. सी. सी. बी. आहे काय, आणि असल्यास ती वगळलेली तर नाहीं? खांबांना भूसंपर्क आहे काय? शेवटची परीक्षा केव्हां झाली व कोणी केली? गणेशोत्सवांत आणि दिवाळींत ज्या तात्पुरत्या माळा सोडतात, त्या कोणत्या सॉकेटांतून? या प्रश्नांचीं उत्तरें कार्यवृत्तांत नोंदवावीं. बागेंत राबणारा माणूस या सभेला नसतो. त्याच्या वतीनें हे प्रश्न विचारणारा कोणी तरी असला पाहिजे.

आणि इतकेंहि करून प्रसंग ओढवलाच, तर एवढें ध्यानांत असूं द्या. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावूं नका. प्रथम मुख्य खटका बंद करा. तो दूर असेल तर कोरड्या जागीं उभे राहून कोरड्या लांकडानें तार बाजूला सारा. माणूस मोकळा झाल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनीं जोरानें व लयींत दाब देत राहा, आणि दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगा. हृदयाची लय बिघडलेल्या माणसाच्या बाबतींत प्रत्येक मिनिट मोलाचें असतें.

या साऱ्या व्यवस्थेस खर्च येतो, हें मी नाकारीत नाहीं. पण बागेंतल्या फरशा, झोपाळा आणि दिव्यांचे नक्षीदार खांब यांवर आपण जो पैसा वेंचतों, त्याच्या मानानें हा खर्च थोडा आहे. आणि तो जमिनीखालीं जाणारा, कोणाच्या नजरेस न पडणारा असल्यामुळेंच टाळला जातो. पावसाळा सुरू होण्यापूर्वीं एखाद्या सकाळीं आपल्या अंगणांत जा, दिव्यापासून फळीपर्यंत तारेचा माग काढा, आणि ती वाट कोठें दिसेनाशी होते तें पाहा. जेथें दिसेनाशी होते, तेथून जाणत्या माणसाला कामाला लावा. आणि तो येईपर्यंत त्या दिव्याचा खटका खालींच असूं द्या.